माझगावचे काका बॅप्टिस्टा

हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकाच्या वर, भंडारवाड्याच्या टेकडीवर, मुंबईला पाणी पुरविणाऱ्या जुन्या जलाशयाच्या माथ्यावर एक उद्यान आहे. तेथून पूर्वेला गोदी, नांगरलेली जहाजे आणि बंदर दिसते. पश्चिमेला भायखळ्यापर्यंत पसरलेली दाट वस्ती. सकाळी फिरायला येणारे, दुपारी सावलीत विसावणारे, संध्याकाळी मुलांना घेऊन येणारे असे शेकडो लोक या उद्यानाच्या फलकाखालून जातात. फलकावर जोसेफ बॅप्टिस्टा हे नाव आहे. नवख्या माणसाला ते एखाद्या धर्मगुरूचे किंवा इंग्रजी अमदानीतील अधिकाऱ्याचे वाटावे. प्रत्यक्षात हे नाव लोकमान्य टिळकांच्या विश्वासातील बॅरिस्टरचे, भारतातील पहिल्या होमरूल लीगच्या पहिल्या अध्यक्षांचे आणि मुंबईच्या एका महापौरांचे आहे. मराठी मुलूख त्यांना काका म्हणत असे.

ज्या देशात राजकीय पुढाऱ्याला दादा, अण्णा, तात्या अशी घरची नावे मिळतात, तेथे काका हे संबोधन नवलाचे नाही. नवल आहे ते त्याला जोडून आलेल्या आडनावाचे. टिळकांचे राजकारण म्हटले की पुण्यातील गायकवाड वाडा, गणेशोत्सव, शिवजयंती आणि ‘केसरी’ डोळ्यांसमोर येतात. त्या चित्रात जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेला, केंब्रिजची पदवी घेतलेला माझगावचा कॅथलिक बॅरिस्टर सहजी कोणी रंगवत नाही. तरीही तो तेथे होता, आणि कडेला नव्हता.

एकाच वर्षी जन्मलेली दोन नावे

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावातील माथारपाखाडीत झाला. वडील जॉन बॅप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. माथारपाखाडी ही मुंबईच्या जुन्या गावठाणांपैकी एक. लाकडी जिने, पुढे आलेले सज्जे, कौलारू छपरे आणि गल्लीच्या वळणावर क्रूस, असे तिचे रूप. तिच्या काही खुणा आजही शिल्लक आहेत.

१८६४ हे वर्ष मुंबईच्या इतिहासातील तापलेले वर्ष होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेअरबाजारात उधाण होते, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले जात होते, रेल्वे आणि गोद्या माणसे ओढून घेत होत्या. वर्षभरातच हा फुगा फुटला, पण वाढलेले शहर काही मागे हटले नाही. त्या शहराला इंग्रजी लिहिता-वाचता येणारी माणसे हवी होती.

नेमक्या त्याच वर्षी माझगावात जेझुइट संघाने सेंट मेरीज ही शाळा सुरू केली. मुंबईतील कॅथलिक मिशनचे काम त्या काळी जर्मन जेझुइट पाहत असत. याच मंडळींनी पाच वर्षांनी, १८६९ साली, धोबीतलावच्या परिसरात सेंट झेवियर्सचे महाविद्यालय आणि शाळा उभी केली. शिस्त, वक्तशीरपणा, पाठांतर आणि नेमके इंग्रजी यांवर या शाळांचा भर होता. वर्ग कॅथलिक मुलांपुरते मर्यादित राहिले नाहीत. पारशी, हिंदू, मुसलमान कुटुंबांनीही आपली मुले तेथे धाडली. पुढच्या शतकात सेंट मेरीजच्या बाकांवर झुबिन मेहता बसले आणि झेवियर्सच्या शाळेतून सुनील गावस्कर निघाले. मुंबईचे नाव जगभर नेणाऱ्या अशा विद्यार्थ्यांची परंपरा या शाळा अभिमानाने सांगतात.

सेंट मेरीजच्या अगदी पहिल्या पिढ्यांतील विद्यार्थी म्हणजे जोसेफ बॅप्टिस्टा. शाळा आणि विद्यार्थी एकाच वयाचे होते. तेथून ते पुण्याला गेले आणि आज अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेव्हाच्या सायन्स कॉलेजात शिकले. पुढे इंग्लंडला जाऊन केंब्रिजच्या फिट्झविल्यम हॉलमधून त्यांनी पदवी घेतली आणि बॅरिस्टर होऊन ते मुंबईला परतले.

‘ईस्ट इंडियन’ या नावाचे ओझे

बॅप्टिस्टांच्या निवडीचे मोल कळायचे तर त्यांचा समाज समजून घ्यावा लागतो. वसई, साष्टी, उत्तन, मुंबई या पट्ट्यातील कोळी, शेतकरी, भंडारी, पाठारे अशा नाना जातींच्या कुटुंबांनी पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकापासून, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पेशवाई आली. १७७४ साली साष्टी इंग्रजांकडे गेली. राज्ये बदलली, पण या लोकांची घरची बोली मराठीच राहिली. लग्नातील गाणी मराठीत, शेतातील बोलणे मराठीत, आडनाव मात्र पोर्तुगीज.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवा आणि मंगळूरकडील कॅथलिक मोठ्या संख्येने मुंबईला येऊ लागले. सगळ्यांची आडनावे सारखीच, धर्मही एकच. सरकारी आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांत स्थानिकांचे वेगळेपण दिसेना. तेव्हा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतील सर्वांत जुने प्रजाजन, हा त्यामागचा दावा होता. नावातच राजनिष्ठेची ग्वाही होती आणि तिच्या मागे पोटापाण्याची साधी चिंता होती.

बॅप्टिस्टा त्या वेळी २३ वर्षांचे होते. त्यांच्या पिढीतील शिकलेल्या ईस्ट इंडियन तरुणापुढे वाट आखलेली होती. सरकारी कचेरी, रेल्वे, गोदी किंवा फार तर वकिली. आणि राजकारणापासून दोन हात दूर. सरकारचा रोष ओढवून घेणे हे संख्येने लहान असलेल्या समाजाला परवडणारे नव्हते. शिवाय टिळकांच्या राजकारणाची भाषा हिंदू सणांची आणि प्रतीकांची होती. त्या मांडवात आपल्याला जागा आहे की नाही, ही शंका एखाद्या ख्रिस्ती माणसाच्या मनात आली तर तिला निराधार म्हणता आले नसते. बॅप्टिस्टांनी मात्र ही शंका बाहेर उभे राहून सोडविली नाही. ते आत गेले.

१९०१ पासून त्यांनी मुंबई महापालिकेत काम सुरू केले होते. पाणी, रस्ते, आरोग्य, कर हे त्यांचे रोजचे विषय झाले. प्लेगच्या साथीने होरपळलेल्या मुंबईत हे विषय कोरडे नव्हते. पण त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते न्यायालयाने.

१९०८ : न्यायालयातील लढाई

३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला. त्यानंतर ‘केसरी’त आलेल्या अग्रलेखांवरून टिळकांना २४ जून रोजी मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे उभे राहिले. याच दावरांनी १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. या वेळी न्यायमूर्ती म्हणून त्यांनी तो नाकारला.

यानंतर सरकारपक्षाने विशेष ज्युरीची मागणी केली. या मागणीला टिळकांच्या वतीने बॅप्टिस्टांनी विरोध केला. मुद्दा वरवर तांत्रिक होता, पण खटल्याचा प्राण त्यातच होता. लेख मराठीत होते. शब्दांच्या छटा, सूर, उपरोध यांवरून लेखकाचा हेतू ठरवायचा होता. विशेष ज्युरीत युरोपीय सभासदांचा भरणा होणार हे उघड होते आणि त्यांना मराठी येत नव्हते. ज्याला भाषाच कळत नाही, त्याने त्या भाषेतील राजद्रोह कसा तोलायचा, असा हा पेच होता. पोर्तुगीज आडनावाच्या एका कॅथलिक बॅरिस्टरने ब्रिटिश न्यायालयात इंग्रजीतून मराठीची बाजू मांडावी, यातच त्या काळच्या मुंबईचे सारे गुंतागुंतीचे वास्तव आले.

न्यायालयाने सरकारची मागणी मान्य केली. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी आले. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. २२ जुलै १९०८ च्या रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली. ज्युरीच्या रचनेविषयीची भीती आकड्यांनीच खरी ठरविली. निकालाच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. कामगार हे राजकीय बळ आहे, याचा हा रोकडा पुरावा होता, आणि बॅप्टिस्टांच्या पुढील आयुष्यावर त्याची छाया दिसते.

दोनच वर्षांनी विनायक दामोदर सावरकर यांच्यावरील खटला मुंबईत तीन न्यायमूर्तींच्या खास न्यायासनापुढे उभा राहिला. बचावाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. मार्सेल्सच्या किनाऱ्यावर सावरकरांना झालेली अटक हा तेव्हा आंतरराष्ट्रीय वादाचा विषय बनला होता. या खटल्यांतही हार ठरलेलीच होती. ज्या खटल्यात यशाची आशा नाही आणि सरकारची नाराजी निश्चित आहे, तो हाती घेणे हे वकिलाच्या धंद्याच्या हिशेबात बसत नाही. बॅप्टिस्टांनी तो हिशेब मांडला नाही.

स्वराज्याचा सनदशीर मार्ग

जून १९१४ मध्ये टिळक मंडालेहून सुटले. काँग्रेस तेव्हा नेमस्तांच्या ताब्यात होती, जहाल विखुरले होते आणि त्याच वर्षी महायुद्धाला तोंड लागले. नव्या चळवळीला असा आकार हवा होता, जो कायद्याच्या चौकटीत राहील, पण मागणीत तडजोड करणार नाही. बॅप्टिस्टांच्या डोळ्यांपुढे आयर्लंड होते. कॅथलिक बहुसंख्येच्या त्या देशाने ब्रिटिश साम्राज्यात राहूनच स्वतःचे विधिमंडळ मागितले होते. १८८६ आणि १८९३ ची होमरूल विधेयके फेटाळली गेली, तरी मागणी मेली नव्हती. सभा, पत्रके, वर्गणीदार सभासद आणि पार्लमेंटवर सततचा दबाव ही तिची साधने होती. ती भारतातही वापरता येतील, हा विचार बॅप्टिस्टांनी टिळकांच्या वर्तुळात हिरिरीने मांडला.

मे १९१५ मध्ये पुण्यात राष्ट्रीय पक्षाची प्रांतिक परिषद भरली. अध्यक्षस्थानी बॅप्टिस्टा होते. होमरूलची संघटना काढण्याची चर्चा तेथे झाली. वर्षभराने, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावच्या परिषदेत इंडियन होमरूल लीगची स्थापना झाली. ॲनी बेझंट यांची लीग त्यानंतर काही महिन्यांनी, सप्टेंबरात निघाली. टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. चिटणीस झाले न. चिं. केळकर आणि अध्यक्ष झाले जोसेफ बॅप्टिस्टा.

ही निवड शोभेची नव्हती. लीगला कायदेशीर पाया देणारा, सरकारशी सनदशीर भाषेत बोलू शकणारा आणि इंग्लंडमधील राजकारणाची जाण असलेला माणूस अध्यक्षपदी हवा होता. शिवाय स्वराज्य हे एका धर्माचे किंवा एका जातीचे मागणे नाही, हे त्या एका नावाने न बोलता सिद्ध होत होते. लीगने मराठीत सहा आणि इंग्रजीत दोन पत्रके काढली. त्यांच्या ४७ हजार प्रती खपल्या. एप्रिल १९१७ पर्यंत सभासदांची संख्या १४ हजारांवर गेली. स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हणणारी टिळकांची घोषणा याच काळात घरोघर पोहोचली. तिच्या मूळ शब्दयोजनेचे श्रेय अनेक जण बॅप्टिस्टांना देतात. शब्द कोणाचे हा वाद बाजूला ठेवला, तरी त्या शब्दांना संघटनेचे अंग देण्यातील त्यांचा वाटा वादातीत आहे.

या वर्षांत आणखी एक विसंगती घडत होती. महायुद्धामुळे जर्मन जेझुइट शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कित्येकांना स्थानबद्ध करण्यात आले, अनेकांना मायदेशी पाठविण्यात आले. ज्यांनी मुंबईच्या कॅथलिक शाळा उभारल्या, त्यांना शहर सोडावे लागत होते. त्याच सुमारास त्यांच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी साम्राज्याकडे स्वराज्याचा हिशेब मागत होता. युद्धानंतर या शाळा-महाविद्यालयांची धुरा सांभाळायला स्पॅनिश जेझुइट आले.

१९१७ साली बॅप्टिस्टा होमरूलचा प्रचार करण्यासाठी इंग्लंडला गेले. तेथील मजूर पक्षाशी त्यांनी संबंध जोडले. सत्ताधारी पक्षांपेक्षा उद्या सत्तेवर येऊ शकणाऱ्या कामगारांच्या पक्षाला भारताचा प्रश्न समजावून सांगणे, हे दूरदृष्टीचे काम होते. १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी टिळक इंग्लंडला पोहोचले तेव्हा ही वाट काहीशी मळलेली होती. टिळकांनीही मजूर पक्षाला आर्थिक साहाय्य देऊन ती अधिक रुंद केली.

टिळकांनंतर

भारतात परतल्यावर नव्या पक्षाची आणि त्याच्या मुखपत्राची कल्पना बॅप्टिस्टांच्या मनात घोळत होती. मुंबईतून निघणाऱ्या इंग्रजी दैनिकाचे संपादकपद स्वीकारावे, अशी विनंती त्यांनी पाँडिचेरीत असलेल्या अरविंद घोष यांना केली. अरविंदांनी ५ जानेवारी १९२० रोजी सविस्तर पत्र लिहून ती नाकारली. राजकारणाचा त्यांना तिरस्कार वाटत नव्हता. पण त्यांनी वेगळे कार्य पत्करले होते. बंगालमधील जहाल राजकारणाचा अग्रणी आणि माझगावचा बॅरिस्टर यांच्यातील हा पत्रव्यवहार बॅप्टिस्टांचे राष्ट्रीय स्थान सांगून जातो.

१ ऑगस्ट १९२० च्या पहाटे सरदारगृहात टिळकांचे निधन झाले. चौपाटीवर लोटलेल्या गर्दीने एका युगाला निरोप दिला. गांधीजींचे असहकाराचे पर्व सुरू झाले. कायदेमंडळे, न्यायालये आणि शिक्षणसंस्था यांवरील बहिष्कार अनेक टिळकभक्तांच्या पचनी पडला नाही. बॅप्टिस्टा याच पठडीतले होते. ज्याने न्यायालय हेच रणांगण मानले आणि महापालिका हीच लोकसेवेची जागा मानली, त्याला ते सोडून देण्यात हित दिसणे कठीण होते. राष्ट्रीय चळवळीच्या मुख्य प्रवाहातून ते हळूहळू बाजूला झाले.

मात्र त्यांनी घरी बसणे पसंत केले नाही. टिळकांच्या निधनानंतर तीनच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष झाले, बॅप्टिस्टा उपाध्यक्ष. पुढच्या वर्षी झरियाच्या कोळसा पट्ट्यात दुसरे अधिवेशन झाले. खाणमालकांचा त्याला कडवा विरोध होता. तेथे अध्यक्षपदी बॅप्टिस्टा होते आणि त्याच अधिवेशनात कामगारांनी स्वराज्याच्या मागणीचा ठराव केला. १९०८ च्या गिरणी संपात जे नाते क्षणभर दिसले होते, ते आता ठरावात उतरले. बॅप्टिस्टांचा कल क्रांतीकडे नव्हता. ब्रिटिश मजूर पक्षासारखी कायद्याने चालणारी, कामगाराला उद्योगात भागीदार मानणारी वाट त्यांना पटत होती. पुढे डाव्या विचारांच्या तरुण नेत्यांना ती मिळमिळीत वाटली. पण संघटना उभी करताना जी कायदेशीर चौकट लागते, ती बांधणाऱ्या पहिल्या पिढीत बॅप्टिस्टा होते.

१९२५ साली मुंबई महापालिकेने त्यांना अध्यक्ष निवडले. महापौर हे पदनाम १९३१ पासून रूढ झाले. त्यापूर्वी शहराचा प्रथम नागरिक अध्यक्ष म्हणूनच ओळखला जाई. माथारपाखाडीच्या गल्लीत जन्मलेला मुलगा ६१ व्या वर्षी त्या शहराच्या सर्वोच्च नागरी खुर्चीवर बसला, जेथील गटारे, नळ आणि चाळी यांविषयी तो वर्षानुवर्षे सभागृहात बोलत आला होता.

१९३० साली त्यांचे निधन झाले आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. ते वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचे. आदल्याच डिसेंबरात लाहोरला काँग्रेसने संपूर्ण स्वातंत्र्याचे ध्येय जाहीर केले होते. साम्राज्यांतर्गत स्वराज्य मागणारी होमरूलची भाषा तोवर जुनी झाली होती. तिच्याबरोबर ती बोलणारा माणूसही मागे पडला.

विस्मरणाचे कारण

बॅप्टिस्टांच्या विस्मरणाला हे एकच कारण नाही. टिळकांची परंपरा सांगणाऱ्यांना त्यांच्या आडनावाची सवय नव्हती, आणि त्यांच्या स्वतःच्या समाजाला त्यांच्या राजकारणाची. गांधीयुगाने टिळकपक्षीयांना मागे टाकले, डाव्यांनी पहिल्या पिढीच्या कामगार पुढाऱ्यांना. चार घरांत ज्याचा वाटा आहे, त्याचे श्राद्ध कोणाच्याच घरी होत नाही, अशी काहीशी ही स्थिती झाली.

आपण कोणत्या मातीचे, हे सिद्ध करून दाखवा, असे ज्यांना पुनःपुन्हा सांगितले जाते, त्यांच्यासाठी या चरित्रात काही सापडते. बॅप्टिस्टांनी धर्म सोडला नाही, आडनाव बदलले नाही, इंग्रजी शिक्षण नाकारले नाही आणि मराठी मुलखापासून तुटलेही नाहीत. या चारही गोष्टी एका माणसात नांदू शकतात, हे त्यांनी भाषणातून मांडण्यापेक्षा जगून दाखविले. राजनिष्ठेचे नाव घेतलेल्या समाजातून स्वराज्याच्या लीगचा पहिला अध्यक्ष आला, हे त्याचेच फळ.

माझगावच्या नेसबिट रोडवर सेंट मेरीज शाळा उभी आहे. तेथून थोड्याच अंतरावर माथारपाखाडीच्या गल्ल्या आहेत आणि वर टेकडीवर ते उद्यान. जन्म, शाळा आणि स्मारक अशा काका बॅप्टिस्टांच्या आयुष्याच्या तीन खुणा अर्ध्या तासाच्या पायी फेरीत पाहून होतात.